सहा खुर्च्या, सात माणसं

टेबल घ्यायचं ठरलं त्या संध्याकाळी घरात कोणी कोणाशी भांडलं नाही, आणि लतिकाला तिथंच पहिला संशय आला. वडगावच्या या घरात पायपुसणं बदलायचं म्हटलं तरी दोन पक्ष पडत. पुढच्या खोलीत पंखा कुठं लावायचा यावरून तिचा नवरा गोपाळ आणि दीर विनोद आठवडाभर एकमेकांशी वडिलांमार्फत बोलले होते, आणि वडील, म्हणजे यमनाप्पा, निरोप पोचवताना त्यात स्वतःचं मत मिसळत होते. त्या मानानं जेवणाचं टेबल ही केवढी मोठी गोष्ट. पण बातमी आणली होती अंबुआत्यानं, आणि ती अशा बेतानं आणली होती की विरोधाला जागाच उरली नाही.

अंबुआत्या ही यमनाप्पांची धाकटी बहीण, याच घरात राहणारी. लतिकाच्या मुलाला, आशुतोषला, निपाणीची मुलगी तिनंच सुचवली होती. मुलगी म्हणजे तिथल्या मष्णू मास्तरांची निवेदिता. तिची आणि आशुतोषची देवळात भेट होऊन पसंती झाल्याला महिना झाला होता, घरं मात्र एकमेकांची कोणी पाहिली नव्हती, आणि आता येत्या रविवारी मुलीकडचे लग्नाच्या बैठकीला येणार होते. तारीख, मानपान, जेवणावळ, सगळं त्या दिवशी ठरायचं होतं.

"टेबलावर जेवतात गं ती माणसं," अंबुआत्या पायरीवर चपला काढता काढताच म्हणाली. "मष्णू मास्तर टेबलावर, त्यांची बायको टेबलावर, पोरगीबी टेबलावर. चमचा पण असतोय."

"चमचा कशाला?" यमनाप्पांनी विचारलं. "भाकरीला?"

"ते मी विचारलं न्हाय. बरं दिसत न्हाय."

एवढं पुरे झालं. निपाणीची माणसं आपल्याकडं येणार आणि आपण त्यांना फरशीवर पाट मांडून बसवणार, हे चित्र प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. दिवाळीनंतर पुढच्या खोलीतले साड्या विणायचे दोन माग मागच्या शेडमध्ये हलवले होते, त्यामुळे खोली मोकळीच होती. तिथं आता फक्त टीव्ही होता आणि गोपाळचा दिवाण. दुपारी दोन घास पोटात गेले की गोपाळ त्या दिवाणावर तोंडावर पेपर घेऊन आडवा व्हायचा. घरात त्याचं पूर्ण चालायचं अशी ती एकच जागा होती.

"सहाचं बास," गोपाळ म्हणाला आणि त्यानं बोटं मिटायला घेतली. "आप्पा, आत्या, मी, विनोद, मंजुश्री, आशू. झाली की सहा."

सगळ्यांनी माना हलवल्या. लतिका स्वयंपाकघराच्या दारात पिठाच्या हातांनी उभी होती. तिनंही मनात मोजलं होतं आणि तिचे सात झाले होते. कोणीतरी बोलेल म्हणून ती थांबली.

बोलली मंजुश्री, तिची जाऊ. मंजुश्री शाळेत शिकवायची, सकाळी सातच्या बसला पळायची आणि संध्याकाळी इतकी दमून यायची की तिला पुरुषांच्याच पंगतीत बसवायचा रिवाज पडून गेला होता. त्याची तिला अधूनमधून लाज वाटायची. "आणि आक्का?" ती म्हणाली.

"ती वाढणार न्हवं," गोपाळ म्हणाला. त्यात वाईट हेतू काही नव्हता. पाऊस पडला की अंगण ओलं होतं, हे सांगावं त्या सुरात तो म्हणाला.

"आठाचं घेऊया की अण्णा," मंजुश्री म्हणाली. "उद्या निवेदिताबी येणार."

"आठाचं घेतलं तर दिवाण काढाय लागंल."

"आणि नवी सून आली की ती पण लतिकाच्या हाताखाली वाढंल," अंबुआत्यानं निकाल दिला. "बसणारी सहाच. उगच खुर्च्या अडवून काय करायच्यात?"

लतिका आत वळली आणि तव्यावरची करपलेली भाकरी काढून स्वतःच्या ताटाखाली सारली. तशा भाकऱ्या तिथंच जायच्या.

खरं सांगायचं तर या घरात टेबल सगळ्यांत जास्त लतिकाला हवं होतं, आणि ते चमच्यांसाठी नव्हतं. लग्न होऊन ती या घरात आली त्याला तीसेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तिनं भाकऱ्या किती थापल्या, मागासाठी सुताच्या कांड्या किती भरल्या याची गणती नाही, पण चारचौघांबरोबर बसून ती एकदाही जेवली नव्हती. सगळ्यांचं आटोपलं, ओटा पुसला, की ती उरलंसुरलं घेऊन चुलीकडं तोंड करून बसायची. तिला कोणी तसं बसवलं नव्हतं, म्हणून भांडायचं कोणाशी हेही तिला कळत नव्हतं. टेबल म्हटल्यावर तिला वाटलं होतं की टेबलाला चार बाजू असतात, सगळी भांडी मध्ये ठेवतात, कुणीही हात लांबवून घेतं. मग वाढणारी कशाला लागते? आता टेबल यायच्या आधीच तिला त्यातून वगळलं होतं, आणि त्यात न आलेल्या सुनेलाही.

शेवटी बोलले यमनाप्पा, आणि ते बोलले तेव्हा लतिकाला कळलं की विरोध टळला नव्हता, तो फक्त लांबणीवर पडला होता.

"टेबल घ्या," यमनाप्पा म्हणाले. "माझी ना न्हाय. पण जेवून बघितल्याशिवाय मी घेऊ देणार न्हाय."

"जेवून म्हणजे?" आशुतोषनं विचारलं. तो बंगळूरहून आठ दिवसांची रजा काढून आला होता आणि घरी आल्यापासून दर तासाला एकदा हा प्रश्न विचारत होता.

"म्हणजे त्याच्यावर बसून जेवून. आपल्याकडं गिऱ्हाईक येतंय, साडी घडीतच बघून नेतंय काय? घडी मोडतंय, खांद्यावर टाकून आरशात बघतंय, सासूला फोटो धाडतंय, मग नेतंय. टेबल काय साडीपेक्षा सोपं हाय?"

यमनाप्पांनी साठ वर्षं साड्या विणल्या आणि विकल्या होत्या. साडी ही जगातली एकमेव वस्तू असून बाकी सगळ्या वस्तू तिचेच प्रकार आहेत, असं त्यांचं मत होतं. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा डबे भरणं सोपं होतं.

अंबुआत्यानं दुकान सुचवलं, खानापूर रोडवरचं राजकुमारचं, कारण राजकुमारची बायको साड्या न्यायला घरी यायची. दिवसही तिनंच सुचवला, अमावास्या झाल्यावरचा गुरुवार. गुरुवारी सकाळी लतिकानं सात जणांच्या अंदाजानं भाकऱ्या केल्या, भरली वांगी केली, शेंगदाण्याची चटणी कुटली, दही घेतलं आणि कटाची आमटी केली. आमटीचं पातेलं जुन्या साडीत गुंडाळून ते मांडीवर घेऊन ती टमटममध्ये बसली. खड्डा आला की सगळे आधी पातेल्याकडं बघत आणि मग एकमेकांकडं.

"बर्री, बर्री," राजकुमार दारातच हात जोडून आधी कानडीत म्हणाला. "या आप्पा. काय दाखवू?"

"उलटी बाजू," यमनाप्पा म्हणाले.

राजकुमारला काही समजायच्या आत ते पहिल्या टेबलाखाली आडवे झाले होते. साडीची पारख उलट्या बाजूनं करायची, सुलट्या बाजूला कुणीही लबाडी करील, हे त्यांनी दोन्ही मुलांना लहानपणीच शिकवलं होतं. आता टेबलाखालून त्यांचे फक्त पाय दिसत होते आणि धोतराचा सोगा.

"हितं खिळे मारल्यात," आतून आवाज आला.

"स्क्रू असतील आप्पा," विनोद म्हणाला. विनोद उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर कामाला होता आणि स्क्रूला खिळा म्हटलेलं त्याला सहन होत नसे. तोही खाली सरकला. "बघा, स्क्रूच हायत. पण पायाचा जोड कच्चा हाय. म्हणून म्हणतोय, लोखंडाचं करूया. मी आमच्यात वेल्डिंग करून आणतो. हत्ती उभा ऱ्हायला तरी हलणार न्हाय."

"हत्ती जेवायला येणाराय काय?" गोपाळ वरून म्हणाला. त्याला सागवानी हवं होतं, काळपट, कोरीव पायांचं, म्हणजे मास्तर गप्प बसतील.

"तुमी वरनं बोलू नका अण्णा, खाली येऊन बघा."

"मी खाली येणार न्हाय."

दुकानात आलेलं दुसरं एक गिऱ्हाईक दोन जोडी पाय ओलांडून बाहेर गेलं. राजकुमारनं घाम पुसला.

इतक्यात मंजुश्रीला काचेचं टेबल दिसलं, आणि तिचा चेहरा बघून लतिका समजून गेली की आपला एकुलता एक पाठिंबा गेला. निळसर जाड काच, खाली चकचकीत नळ्या. मंजुश्रीनं काचेवरून हात फिरवला. "पुसायला किती सोपं हाय बघा आक्का."

"आठाचं हाय यात?" लतिकानं हळूच विचारलं.

"काचंत सहाचंच येतंय वैनी," राजकुमार म्हणाला.

मंजुश्रीनं लतिकाकडं बघितलं, मग काचेकडं बघितलं, आणि नजर काचेवरच ठेवली. "सहाचं काय वाईट न्हाय," ती पुटपुटली.

मंजुश्रीला अनपेक्षित साथ मिळाली ती सासऱ्यांची. यमनाप्पा कपडे झटकत उठले, काचेपाशी आले आणि थक्क झाले. "अरे, ह्याची उलटी बाजू वरनंच दिसती की. खाली जायचं कामच न्हाय. हा माणूस सच्चा हाय." हा माणूस म्हणजे टेबल. वडील आणि धाकटी सून काचेच्या बाजूला गेलेले बघून गोपाळचा चेहरा पडला. विनोदनं लोखंड सोडलं नाही, पण काचेच्या नळ्या लोखंडाच्या असल्यानं तो त्या बाजूला झुकायला लागला.

सागवान वाचवलं ते अंबुआत्यानं. "जेवताना समोरच्याचं पाय बघायचं व्हय मी?" ती म्हणाली. "मास्तरीणबाई घास तोंडात घालणार आणि तिला ह्या गोपाळच्या पायजम्याची नाडी दिसणार. बैठक तिथंच मोडंल."

सगळ्यांनी आपापल्या परीनं ते दृश्य बघून घेतलं.

"मग आता जेवूया," यमनाप्पा म्हणाले. "पोटात गेल्यावर ठरंल."

"जेवूया म्हणजे?" राजकुमार म्हणाला. विचारण्याची पाळी आता त्याची होती.

डबे निघायला लागले तसा तो रडकुंडीला आला. पॉलिश खराब होईल म्हणाला, वास राहील म्हणाला. यमनाप्पांनी त्याला शांतपणे ऐकून घेतलं. "राजकुमार," ते म्हणाले, "तुझी बायको नागपंचमीच्या आधी आलती. चाळीस साड्या उलगडून बघितल्या, दोन कप चहा घेतला, आणि उद्या येते म्हणून गेली. मी काय म्हटलं तिला?"

राजकुमारनं बायकोचा उल्लेख ऐकून मान खाली घातली. आत जाऊन त्यानं प्लॅस्टिकचा कागद आणला आणि सागवानी टेबलावर स्वतःच्या हातानं पसरला.

सहा खुर्च्या होत्या. सहा जण बसले. लतिका हातात पळी घेऊन उभी राहिली, घरी राहायची तशीच. तिनं सगळ्यांना वाढलं. मग नेहमीप्रमाणं ती आत जायला वळली, आणि तिच्या लक्षात आलं की इथं आत काही नाही. आत कपाटं होती. ओटा नव्हता, चूल नव्हती, पाठ करून बसायला भिंतसुद्धा नव्हती. ती तशीच घुटमळली.

"वैनी, तुमी का उभ्या?" राजकुमार म्हणाला. तो बिचारा दुकानदार, उभा माणूस दिसला की खुर्ची सरकवायची एवढंच त्याला ठाऊक. त्यानं शेजारच्या टेबलाची एक खुर्ची ओढून कोपऱ्याला लावली. "बसून बघा की. खुर्च्यांना काय तोटा हाय आमच्यात?"

लतिका बसली. टेबलाचा पाय तिच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये आला. तिनं ताट पुढ्यात ओढलं, चांगली भाकरी घेतली, वाटीत आमटी घेतली. साडीत गुंडाळल्यामुळे आमटीतून अजून वाफ निघत होती. पहिला घास घेतला तेव्हा तिला उगाच चोरी केल्यासारखं वाटलं. दुसऱ्याला तसं वाटलं नाही.

रोज पंगतीत ही माणसं काय बोलत असतील याचं तिला फार कुतूहल होतं. आत हसण्याचे आवाज यायचे, आणि तिला वाटायचं, घरातलं सगळं महत्त्वाचं तिथंच बोललं जातं. आज तिला कळलं. गोपाळ आणि विनोद वांग्याला देठ असावा की नसावा यावर बोलत होते. यमनाप्पा मधूनच १९८२ सालच्या एका वांग्याची आठवण सांगत होते. आशुतोष फोनमध्ये बघून हसत होता, मंजुश्री वर्गातल्या एका पोराची नक्कल करत होती आणि अंबुआत्या ती आधी सांगितलेलीच नक्कल आहे हे सांगत होती. कामाचं अक्षरही कोणी बोलत नव्हतं. लतिका अगदी सुखात ऐकत राहिली. तिला वाटलं, टेबल कसलंही घ्या, काचेचं घ्या, लोखंडाचं घ्या, पण मला हे ऐकायला बसू द्या.

तेव्हाच दारातून राजकुमारचा "बर्री, बर्री" ऐकू आला. पाठोपाठ तिघं आत आली. पुढं काळी टोपी घातलेले निपाणीचे मष्णू मास्तर, त्यांच्या मागं त्यांची बायको राजाबाई, आणि शेवटी निवेदिता.

घास होते तिथं राहिले. आशुतोष खुर्चीसकट मागं सरकला. अंबुआत्या म्हणाली, "माझं कानातलं पडलं वाटतं," आणि सत्तरीच्या बाईला शोभणार नाही अशा चपळाईनं टेबलाखाली गेली. कानातली दोन्ही तिच्या कानांत होती.

"अरे वा," मष्णू मास्तर म्हणाले. त्यांनी टोपी काढली आणि परत घातली. "तुमी हितं जेवता?"

हा प्रश्न वरवर साधा होता, पण त्याला कुठलंही उत्तर बरं दिसत नव्हतं.

"टेबल बघालोय," शेवटी यमनाप्पा म्हणाले. "तुमच्यात सगळी टेबलावर जेवतात म्हणून कळलं. म्हटलं, रविवारी तुमची गैरसोय नको."

राजाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. "आमच्यात?" त्या म्हणाल्या. "आमी भुईवर जेवतोय. ह्यांना तर भिंतीला टेकल्याशिवाय घास जात न्हाय. तुमच्यात टेबलावर जेवतात म्हणून सांगितलं आमाला, पोरीला सवय पाहिजे म्हणून आमीच टेबल बघाय आलोय."

"सांगितलं कुणी?" गोपाळनं विचारलं.

सगळ्यांनी आधी एकमेकांकडं आणि मग टेबलाखाली बघितलं.

"दोन्हीकडची मान वर ऱ्हावी म्हणून म्हटलं," टेबलाखालून अंबुआत्या म्हणाली. "त्यात काय खोटं? रविवारपर्यंत दोन्हीकडं टेबल आलं असतं. मग खरंच झालं असतं न्हवं?"

"आणि दोघांनाबी एकच दुकान?" विनोद म्हणाला. "एकच वार?"

"मला दुकान एकच ठाऊक हाय. आणि वार चांगला होता."

मास्तर हसायला लागले. त्यांचं हसू खोकल्यावर गेलं आणि राजाबाईंनी त्यांची पाठ चोळली. यमनाप्पाही हसले. गोपाळनं मुलाकडं रोखून बघितलं. "तू रोज दोन तास बोलतोस तिच्याशी. तुला ठाऊक न्हवतं?"

"बाबा, आम्ही टेबलाविषयी बोलत नाही," आशुतोष म्हणाला. निवेदिता खाली बघून हसली.

"आता आलाच हाय तर बसा," यमनाप्पा म्हणाले. "दोन घास खाऊनच जायचं. राजकुमार, टेबल जोड रं अजून एक."

राजकुमारनं दुसरं टेबल ओढून शेजारी लावलं, खुर्च्या मांडल्या आणि आतून तीन ताटं-वाट्या आणल्या. अंबुआत्या गुडघे धरत बाहेर आली आणि काहीच घडलं नसल्यासारखी आपल्या जागी बसली. मास्तर बसले, राजाबाई बसल्या. निवेदिता मात्र उभीच राहिली. नव्या सासरची माणसं जेवताहेत आणि आपण कुठं बसावं, हे तिला कळत नव्हतं. आणि मग सगळ्यांच्या नजरा सवयीनं वळल्या त्या लतिकाकडं. पाहुणे बसले आहेत, रिकामी ताटं पुढ्यात आहेत, आणि वाढणारी बसून आहे.

लतिका आपोआप उठायला लागली. अर्धी उठल्यावर तिला निवेदिता दिसली. ती पोरगी तिच्याकडंच बघत होती, उष्ट्या हातानं अर्धवट उठलेल्या आपल्या होणाऱ्या सासूकडं, आणि तिचा हात नकळत पळीकडं गेला होता. मदतीला म्हणूनच. लतिका पहिल्यांदा या घरात आली तेव्हा तिचाही हात असाच पुढं गेला होता, मदतीला म्हणूनच.

ती पुन्हा खाली बसली. बैठकीच्या आधी व्याह्यांसमोर हे करायचं म्हणजे आपल्याच पोराच्या लग्नात खोडा घालण्यासारखं होतं, हे तिला समजत होतं.

"निवेदिता, माझ्याजवळ बस," ती म्हणाली. मग नवऱ्याकडं वळली. "आवो, तुमी वाढा. माझा हात उष्टा हाय."

गोपाळचाही हात उष्टा होता. सगळ्यांचेच होते. अंबुआत्यानं "अगं" एवढंच म्हटलं आणि यमनाप्पांनी वांग्याचा देठ फार लक्ष देऊन चोखायला घेतला. मास्तर गोपाळकडं बघत होते. व्याह्यांसमोर नाही म्हणणं गोपाळला शक्य नव्हतं, आणि हो म्हणायची त्याला सवय नव्हती. तो उठला.

तो उठला आणि गोंधळून उभा राहिला. आमटीचं झाकण कुठं ठेवायचं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ते काखेत धरलं. मास्तरांच्या वाटीत त्यानं चटणी घातली आणि चटणीवर आमटी ओतली. राजाबाईंना भाकरी द्यायच्या ऐवजी भाकरीचा सगळा डबाच दिला. एकाला वाढून पुढं सरकतो न सरकतो तोच मागून दही मागितलं जाई. विनोदनं मजा म्हणून तीनदा आमटी मागितली. यमनाप्पांनी मजा म्हणून नाही, खरोखर चारदा मागितली.

"बघून ठेवा," राजाबाई मास्तरांना म्हणाल्या. "शिकलेल्या घरात कसं असतंय."

मास्तरांनी मान डोलावली. वाढप्या व्याही बघून त्यांच्या मनातला उरलासुरला दबाव गेला असावा, कारण पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी तारीख सुचवली, यमनाप्पांनी ती मान्य केली, मानपानाच्या साड्या यमनाप्पांच्याच मागावरच्या असाव्यात हे ठरलं, आणि रविवारी बैठकीत बोलायला काही उरलंच नाही. निवेदिता आणि लतिका शेजारी बसून जेवत होत्या. पोरीनं वांगं दुसऱ्यांदा मागून घेतलं. लतिकाला ती तिथंच पसंत पडली.

सगळ्यांचं झालं तेव्हा गोपाळ आपल्या खुर्चीत येऊन बसला. कपाळावर घाम होता, काखेत झाकण तसंच होतं. त्याच्या ताटात मघाची अर्धी भाकरी वाळून पडली होती. डब्यात भाकरी उरली नव्हती. वांग्याच्या भांड्यात तेल होतं. त्यानं पातेलं कलतं करून आत पळी फिरवली, आणि नुसता पत्र्याचा आवाज आला.

"आमटी संपली व्हय?" त्यानं विचारलं.

"संपली," लतिका म्हणाली.

गोपाळनं पळी खाली ठेवली. "अशी रोज संपती?"

"रोज कुठली? चांगली झाली की संपती. बिघडली तर उरती."

तिनं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. विचारलं म्हणून सांगितलं. पण गोपाळनं वाळलेल्या भाकरीचा तुकडा तोंडाकडं नेता नेता पुन्हा ताटात ठेवला. तो हिशेबाला मंद होता, मागावर कधी चुकत नसे पण बोलण्यातलं त्याला उशिरा कळे. आता त्याला हळूहळू कळत होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"म्हणजे तू एवढी वर्षं," तो म्हणाला आणि मागं वळला. "राजकुमार."

"काय साहेब? हेच पॅक करू? सहाचं?"

"न्हाय. आठाचं दाखव."

"आणि दिवाण, अण्णा?" विनोद म्हणाला.

"तुझ्या खोलीत ठेव," गोपाळ म्हणाला, आणि तो वाद घरी जाऊन करायचा म्हणून दोघांनीही तिथंच थांबवला. राजकुमार आठाचं टेबल दाखवायला आत गेला आणि त्याच्या मागून यमनाप्पा, उलटी बाजू बघायला.

लतिकाच्या वाटीत अजून अर्धी आमटी होती. गोपाळनं कोरडा तुकडा चावता चावता तिकडं बघितलं. पटकन नजर वळवली आणि पुन्हा बघितलं. त्याच्या वाटीत ओतायला लतिकाचा हात वाटीकडं गेलासुद्धा. मग तिनं वाटी उचलून ओठाला लावली आणि सावकाश, तळाशी गेलेल्या खोबऱ्यासकट, सगळी पिऊन टाकली. आमटी खरंच चांगली झाली होती.